चकतीवरचा नेम आणि सवलतीचे गुण: पहिली हँडिकॅप स्पर्धा भरवताना

क्ले शूटिंग म्हणजे यंत्राने हवेत उडवलेली चकती छर्ऱ्याच्या बंदुकीने फोडायचा खेळ. पहिल्या वर्षी आम्ही फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'हँडिकॅप क्ले शूटिंग स्पर्धा' छापलं. दुसऱ्याच दिवशी तासगावहून एका गृहस्थांचा फोन आला, "दाखला किती टक्क्यांचा लागतो?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. हा शब्द कानावर पडला की आपल्याला लोकलचा डबा नाहीतर एसटीतली राखीव सीटच आठवते. खुलासा केल्यावर ते हसले, स्पर्धा बघायला आले आणि तेव्हापासून आमचे गुणलेखक आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. फलकावर आता आम्ही 'सवलतीच्या गुणांची स्पर्धा' लिहितो. मैदानावर मात्र हँडिकॅप हाच शब्द चालतो, म्हणून इथेही तोच ठेवतो.

हँडिकॅप म्हणजे काय, ते लहानपणीच्या खेळावरून पटकन कळतं. लिंबूटिंबूला आपण खेळात घ्यायचो, पण त्याचं जिंकणं कोणी धरत नसे. हँडिकॅपमध्ये कच्च्या गड्याला सवलत देतात आणि त्याचं जिंकणंही धरतात. बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात, ती गटवारी झाली. इथे सगळे एकाच मैदानात उतरतात आणि फरक आकड्यांनी भरून काढायचा असतो. रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन टाकतात, तोच हा प्रकार.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. या स्पर्धेत नेमावरून भांडण होत नाही, बेरजेवरून होतं. म्हणून या लेखात बंदुकीपेक्षा वहीबद्दलच जास्त लिहिलंय.

खेळ थोडक्यात

नाव 'क्ले', म्हणजे माती, पण चकतीत आता माती नसते. चुन्याच्या दगडाची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांपासून ती ओततात. रुंदी 110 मिलिमीटर, वजन साधारण 105 ग्रॅम. पूर्वी खरीखुरी कबुतरं पेटीतून सोडून मारायचे, म्हणून 'क्ले पिजन'. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी 1880 मध्ये भाजलेल्या मातीच्या चकत्या आणल्या आणि कबुतरं सुटली.

नवख्यांसाठी अमेरिकन पद्धतीचा साधा ट्रॅप बरा, म्हणजे चकती समोरून दूर उडत जाते तो प्रकार. चकती फेकणाऱ्या यंत्राच्या मागे 16 यार्डांवर, म्हणजे 14.6 मीटरवर, कमानीत पाच जागा आखायच्या, पाच जणांच्या एका टोळीसाठी. प्रत्येकाने एका जागेवरून पाच चकत्या मारायच्या आणि उजवीकडच्या जागेवर सरकायचं, पाचव्या जागेवरच्याने पहिलीवर यायचं. पाच पंचे पंचवीस झाल्या की एक फेरी. ऑलिम्पिकच्या ट्रॅपला खंदकात पंधरा यंत्रं लागतात, त्याच्या नादी इतक्यात लागू नका.

आधी कागद

बंदुकीचा खेळ असल्यामुळे शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांना वळसा घालता येत नाही. क्लबला आणि रेंजला परवाना लागतो. तुमच्याकडे तो नसेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या रेंजवरच स्पर्धा ठेवा. "आमच्याच माळावर दोन बार काढतो" हे चालत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्यांचं काम बघणाऱ्या टेबलावर आधी जाऊन या. मग स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ आणि खेळाडूंची यादी लेखी द्या आणि ग्रामपंचायतीला कळवा. पोहोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

खेळाडूंचे परवाने नोंदणीच्या वेळीच तपासा. नुसतं नाव आणि मुदत बघून भागत नाही, तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे तेही वाचा. फक्त सांगली जिल्ह्यापुरता परवाना असलेला माणूस बंदूक घेऊन कराडला येऊ शकत नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो. पीक संरक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरी आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी परवान्यावरच्या अटी दाखवून कार्यालयात विचारल्याशिवाय बंदूक आणू नये. काडतुसं ज्याने त्याने आपल्या परवान्यावरचीच आणायची. मैदानावर उसनवारी नाही.

तारीख ठरवताना निवडणुकीचा अंदाज घ्या. आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका वर्षी आमची पत्रकं वाटून झाली, मांडव सांगून झाला, पेढ्यांची ऑर्डर गेली आणि आचारसंहिता लागली. पेढे तेवढे खाल्ले.

जागा आणि दिशा

आमचं मैदान खानापूर तालुक्यातल्या एका खडकाळ माळावर आहे. बारीक छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो, म्हणून समोर किमान 275 ते 300 मीटर मोकळी जागा हवी. चकती डावीउजवीकडेही जाते, त्यामुळे ही जागा पंख्यासारखी पसरलेली धरा. नेमबाजांचं तोंड शक्यतो उत्तरेला किंवा ईशान्येला ठेवा, म्हणजे दिवसभरात ऊन फारसं डोळ्यांत येत नाही. विहीर, ओढा, चराऊ कुरण टाळा. छर्रा शिशाचा असतो, तो पाण्यात आणि जनावरांच्या पोटात जाता कामा नये. अभयारण्याच्या आसपास तर विचारही नको.

वाऱ्याचं गणित वेगळंच असतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून वारा आला की चकती वर उचलली जाते, मागून आला की दबते, आणि पहिल्या टोळीला मिळालेली चकती शेवटच्या टोळीला मिळत नाही. पावसाळ्यात हा खेळ नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम, मात्र नदीकाठी धुकं असेल तर ते पूर्ण हटेपर्यंत थांबा.

याच दिवसांत माळावर माणसंही वाढतात. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात आणि मेंढपाळ कळप घेऊन फिरत असतात. आदल्या संध्याकाळी चारी बाजूंनी चक्कर मारा, कोप्यांवर जाऊन वेळ सांगा. दिवसभर लाल निशाणं लावा आणि दोन कोपऱ्यांवर शिट्टी दिलेली माणसं बसवा. एकदा पाचवी चकती सुटणार तेवढ्यात शिट्टी वाजली. झुडपाआडून एक मेंढरू, मग दुसरं, मग दीडशे. सगळ्या बंदुका मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, आम्ही अर्धा तास मेंढरं बघत बसलो. अशा वेळी कुणी कुरकुर केली तर त्याला घरी पाठवा.

आता वही: सवलत कशी काढायची

तीन रस्ते आहेत.

पहिला अंतराचा. अमेरिकेत हाच चालतो. कच्चा गडी यंत्राजवळ उभा राहतो, पक्का मागे सरकत जातो, 27 यार्डांपर्यंत, म्हणजे 24.7 मीटरपर्यंत. दिसायला छान आणि बेरीज करायची गरज नाही. पण एकाच टोळीत एक पुढे आणि एक मागे असला की मागच्याची नळी पुढच्याच्या कानाजवळ येते. एका टोळीत दोन यार्डांहून जास्त फरक ठेवायचा नाही असं म्हटलं, तर टोळ्या पाडतानाच नाकी नऊ येतात. वीस जणांच्या स्पर्धेला हा रस्ता मी सुचवणार नाही.

दुसरा वाढीव गुणांचा, आमचा आवडता. खेळाडूची सरासरी 25 मधून वजा करायची, उरेल ती त्याची उणीव, आणि त्यातला काही भाग त्याला आधीच द्यायचा. किती भाग, ही खरी मेख आहे. पहिल्या वर्षी आम्ही भाबडेपणाने पूर्ण उणीव दिली. आमचे नाना पट्टीचे नेमबाज, सरासरी 23, त्यांना 2 गुण. पलूसचा एक द्राक्षबागायतदार दोस्त, सरासरी 14, त्याला 11. त्या दिवशी दोस्ताचा हात बसला आणि त्याने 18 फोडल्या. 18 आणि 11 मिळून 29. नानांनी पंचवीसच्या पंचवीस फोडल्या असत्या तरी 27 च झाले असते! म्हणजे नाना बंदूक न काढता घरी बसले असते तरी निकाल तोच लागला असता. ते काही बोलले नाहीत, पण चहाही न घेता गेले.

चूक कुठे होती ते अण्णांनी दाखवलं. ज्याची सरासरी 23 आहे, त्याला वर सरकायला दोनच गुणांची जागा असते. 14 वाल्याला अकरा गुणांची असते. चांगला दिवस दोघांचाही येतो, पण एकाला लगेच छत लागतं, दुसऱ्याच्या डोक्यावर मोकळं आभाळ. त्यामुळे उणिवेचे शंभरातले ऐंशीच द्यायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. आता नानांची उणीव 2, ऐंशी टक्के 1.6, म्हणून सवलत 1. दोस्ताची उणीव 11, ऐंशी टक्के 8.8, म्हणून सवलत 8. दोघांचाही दिवस साधारण असेल तर नाना 24 आणि दोस्त 22. दोस्ताने 18 फोडल्या तर त्याचे 26. नानांना बरोबरीला यायचं तर पंचवीसच्या पंचवीस फोडाव्या लागतील, पण निदान दार उघडं आहे. आमच्याकडे ऐंशी जमलं. तुमच्याकडे कच्चे गडी फार असतील तर पंचाहत्तरवर या. आकडा कोणताही घ्या, पण पहिली चकती उडण्याआधी तो भिंतीवर लागलेला हवा.

सरासरी कोणत्या फेऱ्यांची, हाही प्रश्न आहेच. सरळ सरासरी धरली की मंडळी हातचं राखून मारायला लागतात. सरावात मुद्दाम पाचसहा चकत्या सोडायच्या आणि स्पर्धेच्या दिवशी सवलत खिशात घालून वाघ व्हायचं. यावर उपाय साधा आहे. शेवटच्या पाच फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या तीनच धरा. समजा एखाद्याच्या फेऱ्या 12, 19, 15, 18, 13 अशा आहेत. सगळ्यांची सरासरी 15.4 येते आणि सवलत 7 होते. चांगल्या तीन, म्हणजे 19, 18, 15 धरल्या तर सरासरी 17.33 आणि सवलत 6. मुद्दाम सोडलेल्या फेऱ्या आपोआप गळतात. शिवाय सवलतीच्या जोरावर पहिला आलेल्याची सवलत त्याच दिवशी दोनाने कापायची. या एका कलमामुळे आमच्याकडची निम्मी कुजबुज थांबली.

तिसरा रस्ता, कोणाचीच सरासरी हाताशी नसेल तर. पहिल्या स्पर्धेत हेच होणार, म्हणून नीट वाचा. याला लुईस क्लास म्हणतात. सगळ्यांनी सवलतीशिवाय मारायचं. शेवटी गुणांची उतरती यादी लावायची आणि तिचे समान तुकडे करायचे. अठरा जण असतील तर सहाचे तीन गट, आणि प्रत्येक गटात जो वर असेल त्याला बक्षीस. रेघ कुठे पडणार हे शेवटपर्यंत कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे हातचं राखून काही मिळत नाही. रेघेवरच सारखे गुण आले तर त्या गुणांचे जास्त लोक ज्या गटात, तिकडे सगळे. दोन्हीकडे सारखेच असतील तर सगळे खालच्या गटात. हेही आधी लिहून ठेवा. पहिल्या दोन स्पर्धा अशा घेतल्या की वहीत पुरेसे आकडे जमतात आणि मग वाढीव गुणांकडे वळता येतं.

अनोळखी पाहुणा आला, वहीत नाव नाही, आणि म्हणतो "मी अगदीच नवखा"? त्याला मूळ गुणांच्या बक्षिसाला पात्र धरा, सवलतीच्या नाही. एकाची बंदूक बघूनच अण्णांनी मला कोपऱ्यात घेतलं होतं. दस्ता घासून घासून गुळगुळीत झालेला. अण्णांचं म्हणणं खरं निघालं, त्याने 24 फोडल्या.

टेबलावरची तपासणी

हे काम सगळ्यांत कडक माणसाकडे द्या आणि त्याच्या निर्णयात अध्यक्षांनीही नाक खुपसू नये. प्रत्येक बंदूक टेबलावर मोडलेली, नळी रिकामी. काडतुसं हातात घेऊन बघायची. चकतीला साडेसात, आठ किंवा नऊ नंबरचा छर्रा पुरतो. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पेटीत बऱ्याचदा एसजी, एलजी पडलेली असतात, रानडुकरांच्या भीतीने ठेवलेली. ते जाड छर्रे अर्ध्या किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. तीनशे मीटरचा हिशेब तिथेच संपला. असं एक जरी काडतूस सापडलं तरी ते गाडीत कुलपात जाईल, मैदानावर येणार नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते घसरत पुढे जाऊन अडकतं. नेमबाजाला वाटतं घालायचं राहिलं, म्हणून तो मागून बाराचं भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, आणि ती डाव्या हाताजवळ फुटते. दोन्ही बोअरच्या बंदुका येणार असतील तर टोळ्या वेगळ्या करा आणि खिसे रिकामे करून बघा.

काडतूस फुसकं गेलं तर नळी समोरच ठेवून तीस सेकंद मोजायचे, मगच बंदूक मोडायची. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा, गुणलेखकालाही. जागा बदलताना बंदूक मोडलेली आणि रिकामी. मारायची पाळी आल्यावरच भरायची, तेही एकच काडतूस.

यंत्राबद्दल एक इशारा. बंदुकीला सगळे घाबरतात, यंत्राला कोणी घाबरत नाही. हाताने ताणायच्या यंत्राचा लोखंडी हात ताणलेला असला की तो भरलेली बंदूकच समजा. आमच्याकडे एक मुलगा समोरून वाकून चकती ठेवायला गेला. हात सुटला आणि त्याची टोपी पंधरा फुटांवर जाऊन पडली. तो दोन बोटं पुढे असता तर? चकती नेहमी बाजूने, हाताच्या फिरण्याच्या वाटेबाहेर उभं राहूनच ठेवायची. यंत्रावरच्या माणसापुढे भक्कम आडोसा हवा. बॅटरीवरचं यंत्र असेल तर हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची.

प्रत्यक्ष दिवस

वीस खेळाडू म्हणजे पाचाच्या चार टोळ्या, एका टोळीला 125 चकत्या. एकूण पाचशे. पेटीतच फुटलेल्या, यंत्रात फुटणाऱ्या आणि बरोबरी सोडवायला लागणाऱ्या धरून सहाशे मागवा. एक टोळी साधारण पंचवीस मिनिटांत उरकते. आठला सुरू केलं तर चहापाणी धरून साडेदहापर्यंत फेरी संपायला हवी. एका टोळीत एकतरी जुना माणूस हवा, पाचही नवखे एकत्र टाकू नका.

नेमबाज "पुल" म्हणाला की चकती सुटते. फुटली तर गुणलेखक गप्प राहतो, चुकली तर ओरडतो. पुस्तकी शब्द 'लॉस्ट' आहे, अण्णा "गेली!" म्हणतात आणि ते माळभर ऐकू जातं. कागदावर लागलेलीला तिरकी रेघ, चुकलेलीला शून्य. डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा उडाला तरच लागलेली धरायची. नुसती धूळ उडाली तर ती गेलीच. यंत्रातूनच तुटून आलेली चकती धरायची नाही, मग नेमबाजाने मारलेली असो वा नसो, दुसरी द्यायची. तक्रार असेल तर पुढच्या "पुल"च्या आधी, नंतर नाही. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. फेरी संपली की खेळाडूची सही.

बरोबरी आणि बक्षीस

मूळ गुणांची बरोबरी सोपी आहे, एकेक चकती मारत जायचं, जो आधी चुकेल तो बाहेर. सवलतीच्या बक्षिसाला हे लावलं तर कच्चा गडी दुसऱ्याच चकतीला जाणार आणि सवलतीला अर्थच राहत नाही. म्हणून दहा चकत्या द्या आणि सवलत त्याच प्रमाणात. 8 वाल्याला दहाला 3.2, म्हणजे 3. तरीही बरोबरी झाली तर बक्षीस वाटून टाका. उन्हात उभं राहून कोणाचं भलं होत नाही.

बक्षिसं दोन रांगांची ठेवा, मूळ गुणांची आणि सवलतीची, आणि एका माणसाला दोन्ही नकोत. मोठ्या रकमा लावू नका, पैसे वाढले की वहीवरचा विश्वास कमी होतो. आम्ही पहिल्याला साताऱ्याचे कंदी पेढे देतो आणि खालच्या दोघांना सांगलीची भडंग.

लोक पांगायच्या आत मोकळ्या पुंगळ्या आणि प्लास्टिकचे बूच गोळा करा. चकत्यांचे तुकडेही पोत्यात भरा, पिचमुळे ते जनावरांना, विशेषतः डुकरांना, बाधतात. उरलेली काडतुसं ज्याची त्याने मोजून, वहीत लिहून न्यायची.

आणि सवलतीची वही त्याच संध्याकाळी लिहा. तारीख, नाव, मूळ गुण, सवलत, एकूण, पुढची सवलत, एवढेच रकाने. अण्णा पानाचा फोटो ग्रुपवर टाकतात, आठ दिवस हरकतीला देतात आणि मगच पेन्सिलीवर शाई फिरवतात. गेल्या वेळी पलूसचा दोस्त पहिला आला. 8 ची 6 झाली. आठ दिवस थांबायची त्याची तयारी नव्हती, त्याने तिथेच त्या आकड्यापुढे सही केली आणि पेढ्यांचा डबा नानांपुढे सरकवला.